जपानच्या गावाकडच्या शाळेत पहिले वीस दिवस

चाफेकळी

नमस्कार मंडळी. गेली पाच-सहा वर्षं मी इथे वाचनमात्र आहे. जपानला शिकवायला जायचं ठरलं तेव्हा इथले जुने धागे उपसून काढले, पण बहुतेक सगळे टोकियोत आयटीत गेलेल्यांचे. शाळेत, त्यातून गावाकडच्या शाळेत गेलेल्या कुणाचं काही हाती लागलं नाही. म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते.

मी पुण्याची, सिंहगड रोडची. वय २५. एम.ए. इंग्रजी, बी.एड. आणि जपानीची एन३ परीक्षा एवढी शिदोरी. ओकायामा प्रांताच्या उत्तरेला डोंगरात एक लहान गाव आहे, तिथल्या शिक्षण मंडळाने मला एएलटी म्हणून घेतलंय. एएलटी म्हणजे सहायक भाषाशिक्षक. वर्ग जपानी शिक्षकांचाच, मी त्यांच्या जोडीला. तीन प्राथमिक शाळा आणि सातवी ते नववीची एक शाळा, अशा चार ठिकाणी आळीपाळीने जायचं.

१९ ऑगस्टला पोचले. मुंबईहून बँकॉकमार्गे कानसाई विमानतळ. तिथेच काउंटरवर फोटो असलेलं झाइर्यू कार्ड, म्हणजे इथे राहायचं ओळखपत्र, हातात मिळालं. मागच्या बाजूची पत्त्याची जागा कोरी होती. राहायला लागल्यापासून १४ दिवसांत गावच्या कचेरीत जाऊन पत्ता लिहून घ्यायचा असतो. त्या कोऱ्या चौकटीकडे मी रांगेत उभी राहून किती वेळ बघत होते. मग हारुका गाडीने शिन-ओसाका, तिथून शिन्कान्सेनने पाऊण तासात ओकायामा. ओकायामाला गाडी बदलली आणि एकदम सगळं संथ झालं. त्सुयामाकडे जाणारी लाइन एकेरी, गाडी डिझेलवर चालणारी, दोन डब्यांची. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि मध्येच नदी. मला थेट भोर-वेल्ह्याची आठवण झाली. स्टेशनवर शिक्षण मंडळाचे एक काका माझं नाव कागदावर लिहून उभे होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. वाटेत गाडी थांबवून त्यांनी मला थंड बार्लीचा चहा घेऊन दिला.

घर म्हणजे शिक्षकांसाठी बांधलेली जुनी चाळवजा इमारत. दोन खोल्या, तातामी म्हणजे गवती चटया अंथरलेल्या. आधीच्या एएलटीने राइस कुकर, पंखा आणि एक फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी, ठेवून दिलेला. गॅस मात्र बंद. इथे गॅसवाला येऊन, आपल्यासमोर तपासून चालू करून देतो आणि तो दुसऱ्या दिवशी येणार होता. ऑगस्टच्या उकाड्यात गार पाण्याने अंघोळ चालून गेली, पण चहा करता येईना याचं फार वाईट वाटलं. त्यात पाच वाजता अचानक बाहेर खांबावरच्या भोंग्यांतून लहान मुलांच्या गाण्याची धून वाजायला लागली. ते भोंगे भूकंप-पुराच्या सूचनेसाठी असतात आणि रोज संध्याकाळी धून वाजवून ते चालू आहेत ना हे बघतात. मुलांना ती घरी जायची खूण. इथले पाच म्हणजे पुण्यात दुपारचा दीड. आई जेवून ओटा आवरत असेल, एवढंच डोक्यात आलं आणि मग मी मनसोक्त रडून घेतलं.

पुढचे चार दिवस कागदपत्रांत गेले. आपली एक अडचण लिहून ठेवते, कारण ती प्रत्येक मराठी माणसाला येणार. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, वर आडनाव. कार्डावर ते तिन्ही उतरतात. बँकेच्या अर्जात तेवढ्या चौकटीच नाहीत. कचेरीत काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, एक तऱ्हा, बँकेत दुसरी आणि फोनच्या दुकानात तिसरी लिहिली गेली, त्यामुळे फोनचा अर्ज परत आला. पहिल्याच दिवशी आपलं नाव काताकानात एकाच पद्धतीने कसं लिहायचं ते ठरवून वहीत लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच दाखवा.

कचऱ्याचंही सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी जळणारा कचरा, गावाने ठरवून दिलेल्या पिशवीतच. मी दुकानाची साधी पिशवी ठेवली. संध्याकाळी परत आले तर बाकी सगळा कचरा गेलेला आणि माझी पिशवी तिथेच, वर चिठ्ठी चिकटवलेली. समोरच्या आजींनी ते बघितलं होतं. त्यांनी मला घरात नेलं, गावाची पिशवी दिली आणि माझा कचरा स्वतःच्या हाताने वेगळा करून दाखवला. दह्याचा डबा धुऊन, वाळवून प्लॅस्टिकमध्ये. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. त्या वाकून करत होत्या आणि मी उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात चार टोमॅटो ठेवले.

शाळेला सुट्टीच होती. मी रोज जाऊन शिक्षकांच्या खोलीत, शोकुइनशित्सुमध्ये बसायचे. सगळ्यांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत, उपमुख्याध्यापक सगळ्यांच्या तोंडासमोर. जाताना ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु’ म्हणायचं, म्हणजे तुमच्याआधी निघतेय, माफ करा. २७ तारखेला घरी गणपती बसले, तेव्हा मी त्या रिकाम्या शाळेत भिंतीवर लावायला फळांची चित्रं कापत होते. आरतीला घरच्यांनी व्हिडिओ कॉल लावला. मी फोन पुस्तकाआड ठेवला होता, पण शेजारच्या बाईंनी तो उचलून नीट उभा करून दिला आणि हात जोडले.

१ सप्टेंबरला शाळा भरली. हा दिवस जपानात आपत्तीनिवारणाचा, १९२३ च्या कान्तो भूकंपाच्या आठवणीचा. त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या जपानी शाळेच्या पहिल्या दिवशी पहिल्या तासाआधी भूकंपाची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला आणि पहिलीतली पोरं एका क्षणात बाकाखाली, बाकाचे पाय घट्ट धरून. मी उभीच राहिले. एका मुलीने माझा स्कर्ट ओढून मला खाली बसवलं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते. मी पुण्याहून तास घ्यायची तयारी करून आले होते. खेळ, कार्डं, गाणी, सगळी बॅग भरून. इथे प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा. पाचवी-सहावीला इंग्रजी २०२० पासून रीतसर विषय झालाय, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला नुसती ओळख म्हणून ३५ तास. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला मी आठवड्यातून एक-दोनदा येते. त्या तासांत मुलं लाजतात, मान खाली घालतात, एका सुरात उत्तर देतात. ती मोकळी होतात जेवणात आणि सफाईत (इथे शाळा मुलंच झाडतात-पुसतात). पहिल्या आठवड्यात मी जेवणाच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत बसले आणि सफाईच्या वेळी पुढच्या तासाची तयारी केली. ते चुकलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी दोन्ही वेळा मुलांत असते आणि खरं शिकवणं तिथून सुरू झालंय. जपानला शिकवायला येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: शाळेत दिवसभर राहा, तासापुरतं जाऊ नका.

जेवणाचं: इथे मुलंच पांढरे एप्रन, टोप्या, मास्क घालून वाढतात. सगळ्यांना वाढून झालं की एकदम ‘इतादाकिमासु’ आणि मग पहिला घास. प्रत्येकाला २०० मिलीचं दूध. मी अंडं खाते, मासे-मटण नाही, आणि इथे साध्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो. मी आधीच लिहून दिलं होतं, म्हणून मला घरून डबा आणायला परवानगी आहे. एका मुलाला माझी पोळी बघून इतकं कुतूहल वाटलं की मी तुकडा पुढे केला. बाईंनी हळूच हात आडवा धरला. ॲलर्जीच्या भीतीने मुलांनी एकमेकांचं खायचं नाही, शिक्षकांनीही द्यायचं नाही, हा नियम. नियम अगदी बरोबर आहे, पण लहानपणापासून डबा वाटून खाल्लेल्या माणसाचा हात मागे घेताना जड जातो.

लांबलं खूप. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

वाळवंटातली_विहीर

फार सुंदर लिहिलंयस. गणपतीच्या ठिकाणी डोळ्यांत पाणी आलं. पु.ले.शु.

---

अदितीची_आई

माझी मुलगी एप्रिलमध्ये जातेय, असंच शिकवायला. बॅगेत काय देऊ आणि काय नको, एवढंच सांग गं. मी लोणचं, कढीपत्ता, मेतकूट, गोळ्या-औषधं सगळं काढून ठेवलंय.

---

निशिकासाई

चाफेकळीने लिहिण्याआधी मीच सांगतो, मला इथे १४ वर्षं झाली.

ताई, ताजा कढीपत्ता आणि फळं देऊ नका. ताजी फळं, भाजी, पानं यांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. मटण-चिकनचं काहीही, अगदी मसाल्याच्या पाकिटात असलं तरी, चालत नाही. मेतकूट, भाजणी, सुक्या चटण्या द्या. औषधांचं मात्र गांभीर्याने घ्या. आपल्याकडे सर्दीवर सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याचं प्रमाण ठराविक मर्यादेच्या वर गेलं तर जपानात आणायला बंदी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एक महिन्यापेक्षा जास्त न्यायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. मुलीची नेहमीची गोळी असेल तर आत्ताच त्या कामाला लागा, जायच्या आठवड्यात नको.

तूरडाळ, हिंग, पोहे इथे सगळं मिळतं. माझ्या भागात, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, भारतीय दुकानं पुष्कळ आहेत आणि ती घरपोच पाठवतात. ओकायामाच्या डोंगरातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोकं पोचतं.

याच वॉर्डातून आपले मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक २०१९ साली नगरसेवक म्हणून निवडून आले होते. पुढे इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. आपल्यातल्या माणसाला जपानी शाळेने मुख्याध्यापक केलं, हे तुझ्यासारख्या मुलींना माहीत असावं म्हणून सांगतो.

---

अदितीची_आई

खूप खूप आभार हो. तिची थायरॉइडची गोळी आहे. उद्याच डॉक्टरांकडे जाते.

---

भाषावेल्हाळ

मी पुण्यात जपानी शिकवते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, आता स्वतःचे वर्ग घेते. चाफेकळी, ओळखीच्या तासाला तू काय केलंस ते लिहिलंच नाहीस. पहिल्या तासाची ती ओळख, जिकोशोकाइ, माझे विद्यार्थी फार घाबरून करतात.

---

चाफेकळी

@भाषावेल्हाळ, ते राहूनच गेलं. ताजमहाल, वाघ, क्रिकेट असं सगळं चित्रांत आणलं होतं. दोन वर्गांत दाखवलं. मुलांनी ‘ओऽ’ केलं आणि संपलं. तिसऱ्या वर्गात मी चित्रं बाजूला ठेवली आणि फळ्यावर त्यांची अक्षरं लिहिली: आ, इ, उ, ए, ओ. त्याखाली आपली: अ, इ, उ, ए, ओ. मग त्यांची का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा आणि शेजारी आपली क-च-त-न-प-म-य-र-व. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, ‘ओनाजी जान!’ अरे, हे तर सारखंच! नंतर प्रत्येकाला स्वतःचं नाव देवनागरीत लिहून हवं होतं. ३१ नावं लिहिली, तास संपून घंटा झाली तरी.

---

भाषावेल्हाळ

वा! यामागे मोठी गोष्ट आहे आणि ती मुलांना सांगण्यासारखी आहे. जपानी पन्नासाक्षरी, गोजूओन, हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आलेला आहे. म्हणजे संस्कृत वर्णमालेचाच क्रम तिकडे गेला. म्हणून आधी स्वर, मग क-वर्गापासून व्यंजनं, शेवटी य-र-व. ‘च’च्या जागी त्यांचा ‘सा’ आहे आणि ‘प’च्या जागी ‘हा’, कारण जुन्या जपानीत त्या ‘हा’चा उच्चार ‘पा’ होता. तुझ्या त्या मुलाने जे ओळखलं ते पंडितांनी शोधून काढलेलंच आहे. कोयासानला, त्या बौद्ध मठांच्या डोंगरावर, कधी गेलीस तर तिथल्या स्मशानातल्या लाकडी पट्ट्यांवर सिद्धम् अक्षरं बघ, निरखून पाहिलं तर ‘अ’ ओळखता येतो.

---

बोरी_अरब

मी यवतमाळकडचा. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात, दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग संस्थेची शाळा. आता इंग्रजीत एम.ए. करतोय. माझं इंग्रजी चांगलं आहे, हे मी स्वतःहून सांगतो कारण त्यासाठी मी फार कष्ट केले आहेत. मला असं जाता येईल का? खरं काय ते सांगा, धीर देण्यासाठी म्हणून नको.

---

निशिकासाई

दादा, स्पष्ट सांगतो. सरकारी शाळेत शिकवायचा व्हिसा ‘शिक्षक’ या वर्गात मोडतो. त्यात परकी भाषा शिकवणाऱ्यासाठी एक अट आहे: त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं. म्हणून तुझी वाट इथे अडते. कॉलेजची वर्षं इंग्रजी माध्यमाची असली तरी १२ भरणं कठीण.

पण खाजगी इंग्रजी क्लासचा व्हिसा वेगळ्या वर्गातला असतो. त्यात भाषा शिकवण्यासाठी पदवी धरतात, ही बारा वर्षांची अट नाही. तिथे क्लासवाले तुझं बोलणं ऐकून ठरवतील. दुसरा रस्ता जपानीचा. तू जपानी एन३ च्या वरच्या एन२ पातळीपर्यंत नेलीस तर शाळेपेक्षा वेगळी, पण बरी दारं उघडतात. एम.ए. संपेपर्यंत तुझ्या हातात वेळ आहे.

---

चाफेकळी

@बोरी_अरब, मला कागद गोळा करताना पहिलीपासूनचे दाखले, माध्यम लिहिलेले, काढायला लागले. तेव्हाच मनात आलं होतं की माझ्या वर्गातल्या सगळ्यात चांगलं इंग्रजी शिकवणाऱ्या बाई स्वतः मराठी माध्यमाच्या होत्या आणि त्यांना हा कागद मिळाला नसता. नियम आहे तो आहे, पण मला तो तुमच्यासारख्यांवर अन्याय करणारा वाटतो. जपानीला लागाच. काही अडलं तर मला निरोप करा.

---

बोरी_अरब

आभारी आहे. नीट कळलं. जपानीच्या मागे लागतो.

---

वाटसरू_७७

धागा आवडला, पण एक दुरुस्ती हवी. ‘दिवसभर शाळेत राहा’ हे सगळ्यांना शक्य नसतं. चाफेकळीला शिक्षण मंडळाने थेट घेतलंय. मी तीन वर्षं एका मनुष्यबळ कंपनीमार्फत एएलटी होतो. त्या व्यवस्थेत कंपनी शाळेला तास विकते. माझा करार कामाच्या मोजून दिलेल्या तासांचा, त्यात जेवण आणि सफाई धरलेली नव्हती. शिवाय करार कामाच्या ठेक्याचा असेल तर वर्गशिक्षकाने एएलटीला थेट सूचना देणंच कायद्यात बसत नाही. एका वर्गात दोघं उभे, पण ‘हे वाक्य जरा हळू म्हण’ एवढं सांगायलाही त्यांना कंपनीमार्फत यावं लागे. आम्हा दोघांना त्याचा त्रास व्हायचा, आणि मुलांना आमच्यातलं अवघडलेपण कळायचं.

ऑगस्टमध्ये शाळा नाही म्हणून पगार कापला जायचा. हे मला पहिल्या ऑगस्टमध्ये कळलं, तेव्हा भाडं द्यायला मित्राकडून पैसे घेतले. म्हणून जाणाऱ्यांनी सही करायच्या आधी विचारावं: ऑगस्ट, डिसेंबर, मार्चचा पगार पूर्ण आहे का? शाकाइ होकेन, म्हणजे नोकरदारांचा आरोग्य-निवृत्ती विमा, मिळणार का? घराची सुरुवातीची रक्कम कोण भरणार? ती नुसतं भाडं नसते. अनामत, घरमालकाला द्यायची ‘रेइकिन’, दलाली सगळं एकदम येतं. आणि गाडी लागणार असेल तर ती कुणाची?

मला घर शोधताना चार ठिकाणी परदेशी माणूस चालणार नाही असं तोंडावर सांगितलं. पाचव्या ठिकाणच्या म्हातारबांनी फक्त विचारलं, झाडांना पाणी घालशील का. मी त्यांच्याकडे तीन वर्षं राहिलो.

---

चाफेकळी

@वाटसरू_७७, तुमचं म्हणणं मान्य. मला थेट नोकरी मिळाली हे माझं नशीब, आणि मी ते लिहायला हवं होतं. घरही त्यांनीच दिलंय. वरच्या लेखात मी जे ‘सांगणं’ म्हटलं ते ज्यांच्या करारात बसतं त्यांच्यासाठी, असं वाचावं. पण तुम्हीच सांगा, त्या तीन वर्षांत मुलांशी बोलणं कधी झालं?

---

वाटसरू_७७

खरं सांगू? कराराबाहेर. बस पाऊण तासाने असायची, तेवढा वेळ मी मैदानावर थांबायचो. तिथेच. त्यामुळे तुझ्या मूळ मुद्द्याला माझा विरोध नाही.

---

निशिकासाई

गाडीचं निघालंच आहे तर, भारतातून येतानाच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. आपला १९४९ च्या जिनिव्हा करारातला परवाना जपानात जास्तीत जास्त वर्षभर चालतो. पण त्या वर्षातच जपानी परवान्याच्या मागे लागा, त्याला वेळ लागतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, हा एक मोठा दिलासा. आणि पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जाऊ शकतो, तेवढ्याचे येन जवळ ठेवा.

---

सातारकर_गुरुजी

मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं जि.प. शाळेत काढली, आता निवृत्त आहे. नातीने हा धागा वाचून दाखवला, प्रतिसाद मी सांगतोय, ती टंकतेय.

पोरी, तू जे जपानात बघितलंस ते आम्ही केलंय. सकाळी पोरं शाळा झाडायची, शनिवारी मुली सारवायच्या, मुलं हंड्याने पाणी आणायची. मग परिपाठ. खिचडी शिजायच्या आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, पुढे शाळेत शिजायला लागलं. मी खिचडीच्या रांगेत उभा राहून पोरांना पाढे म्हणायला लावायचो. वर्गात गप्प असणारं पोर रांगेत बोलतं, हे तू अगदी खरं लिहिलंस.

पण एक दुखतं ते सांगतो. आमच्याकडे सफाई ज्यांच्या वाट्याला यायची ती पोरं ठरलेली असायची. मी नोकरीला लागलो तेव्हा झाडू कोण धरतं आणि पाणी कोण वाढतं यात जात होती. मी ते मोडायला रोज नंबर लावायचो, रजिस्टर ठेवायचो, तरी दोन पालक भांडायला आले होते. आता उलट झालंय, कुणाच्याच पोराने झाडू धरलेला पालकांना चालत नाही. तुझ्या शाळेत सरपंचाच्या पोरानेही तेच फडकं धरायचं असतं ना? ते कसं ठरवतात, ते बघून कळव. मला ते समजून घ्यायचंय.

---

वाळवंटातली_विहीर

गुरुजी, नमस्कार. तुमचा प्रतिसाद जपून ठेवला.

---

चाफेकळी

गुरुजी, तुमचा प्रश्न घेऊन मी दोन दिवस नीट बघितलं आणि आमच्या बाईंना विचारलंही.

भिंतीवर पुठ्ठ्याची एक गोल चकती आहे. आतल्या चकतीवर गटांची नावं, बाहेरच्या चकतीवर कामं: जिना, वर्ग, हात धुवायची जागा, मुतारी, बुटांची मांडणी. सोमवारी आतली चकती एक घर पुढे सरकते. एवढंच. गट वेगवेगळ्या इयत्तांचे, सहावीतलं मूल गटाचा म्होरक्या आणि पहिलीतलं त्याच्या हाताखाली. मुख्याध्यापकसुद्धा दारापुढचा झाडोरा काढतात. मी बाईंना विचारलं, कुणाच्या आईवडिलांनी हरकत घेतली तर? त्यांना प्रश्नच आधी कळला नाही. मी आपल्याकडची गोष्ट जमेल तशी जपानीत सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की जपानातही एके काळी काही वस्त्यांतल्या लोकांना असंच दूर ठेवलं जायचं, आणि याविषयी सहावीच्या वर्गात शिकवतात. मला हे माहीत नव्हतं.

काल रविवारी ओकायामा शहरात जाऊन कोराकुएन बाग बघितली. माझं लहानपण आमच्या सिंहगड रोडवरच्या ओकायामा मैत्री उद्यानात गेलंय, पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतात ते. ते या बागेवरून बेतलेलं. आजी मला तिथे पाण्याच्या पाटाकडेला बसवून पेरू कापून द्यायची. इथली मूळ बाग १७०० साली पुरी झाली. आत शिरले तर पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते गवत, केवढी मोठी मोकळी हिरवळ, आणि मागे काळा किल्ला. मग तो पाट दिसला. वळणं घेत जाणारा, उथळ, तळाचे गोटे दिसणारा. मी पाटाकडेला बसले. आजी जाऊन चार वर्षं झाली.

आणि गुरुजी, फडक्यावरून सांगायचंच होतं. शुक्रवारी माझा गट जिन्यावर होता. मी आपलं फडकं बादलीत बुडवून नेहमीसारखं आडवं धरून पिळलं. चौथीतला एक मुलगा आहे, इंग्रजीच्या तासाला माझ्याकडे कधी बघत नाही. तो बघत उभा राहिला आणि त्याने नाही नाही अशी मान हलवली. माझ्या हातातून फडकं घेतलं, उभं धरलं, एक मूठ वर, एक मूठ खाली, बॅट धरतात तशी, आणि कोपर आत ओढत पिळलं. निम्मं पाणी अजून आत होतं, ते सगळं निघालं. मग मला करायला लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. त्याने ते बोटाने दाबून बघितलं आणि ‘योशी’ म्हणाला, अगदी मास्तरांसारखं.

मग त्याने विचारलं, याला भारतात काय म्हणतात. मी इंग्रजी शब्द सांगणार होते. तोंडातून निघालं, फडकं. त्याला ‘ड’ जमेना. ‘फाराका’ म्हणाला. जिन्यावरच्या सगळ्यांनी म्हणून बघितलं.

आज सोमवार, चकती सरकली, तो गट हात धुवायच्या जागेवर गेला. मी चौथीच्या वर्गाबाहेरून चालले होते तर आतून हाक आली, ‘सेन्सेइ, फाराका!’ आणि एक ओलं फडकं माझ्या हातात.